सात हाली, सहा कलदार

एखाद्याच्या लौकिकाला उणेपणा आला की मराठी माणूस म्हणतो, त्याच्या नावाला बट्टा लागला. हा शब्द आज नीतीच्या क्षेत्रात रुळला असला तरी त्याचे मूळ घर सराफाची पेढी आहे. एका चलनाचे नाणे देऊन दुसऱ्या चलनाचे घेताना जी रक्कम कापली जाई, तिचे नाव बट्टा. नाणे झिजलेले असले, परमुलखातले असले किंवा त्यावरचा छाप ओळखीचा नसला की त्याला बट्टा लागे. नाण्याची ही गोष्ट माणसाच्या अब्रूला लागू करावीशी वाटली, यावरून त्या काळच्या समाजाला बट्ट्याचा अनुभव किती रोजचा होता, हे ध्यानात येते. हिंगोलीच्या बाजारपेठेला तर तो पिढ्यान्‌पिढ्या आला. कारण शंभर वर्षांहून अधिक काळ या पेठेच्या दारात दोन रुपये नांदत होते आणि दोहोंनाही लोक रुपया हेच नाव देत होते.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधीचा त्याचा इतिहास परभणीचा, आणि त्याहून मागचा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा. जिल्ह्याच्या उत्तरेकडून पैनगंगा वाहते. नदीच्या अलीकडे मराठवाडा, पलीकडे वऱ्हाड. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला आणि त्या दिवसापासून पैनगंगा ही दोन राज्यकारभारांची आणि म्हणून दोन चलनांचीही सीमा झाली. वऱ्हाड सोडावे लागले ते हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या फौजेच्या खर्चापायी. या फौजेची एक छावणी खुद्द हिंगोलीत होती आणि ती विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत राहिली. छावणीचा खर्च वऱ्हाडच्या महसुलातून, म्हणजे इंग्रजांच्या तिजोरीतून निघे. त्यामुळे संस्थानी मुलखाच्या आत असूनही हिंगोलीच्या बाजारात इंग्रजी रुपया खेळता राहणे स्वाभाविक होते. शेतकऱ्याचा सारा भरायचा तो निजामाच्या रुपयात आणि वाशीम-अकोल्याकडे पाठवलेल्या मालाचे पैसे यायचे ते इंग्रजी रुपयात, अशी या पेठेची जडणघडण झाली.

दोन रुपयांची कुळकथा

निजामाच्या रुपयाला लोक हाली शिक्का म्हणत. हाली म्हणजे हालचा, सध्या चालू असलेला. १८५७ पर्यंत संस्थानातील नाण्यांवर दिल्लीच्या बादशहाचे नाव असे. बादशाही संपल्यावर ते नाव गेले आणि आसफजाही छाप आला. तोवर संस्थानात निरनिराळ्या टाकसाळींचे, निरनिराळ्या कसाचे रुपये चालत. दिवाण सर सालारजंग यांनी ही बजबजपुरी आवरून टाकसाळ हैदराबादला सरकारच्या हाती आणली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी यंत्रावर पाडलेले, चारमिनारचे चित्र असलेले देखणे रुपये निघाले. मीर उस्मान अली खान गादीवर आल्यानंतर या चलनाला उस्मानिया शिक्का हे नाव मिळाले. सरकारी कागदांत ते ओ. एस. या दोन अक्षरांनी लिहिले जाई. इंग्रजी रुपयाची अक्षरे होती बी. जी., म्हणजे ब्रिटिश गव्हर्न्मेंट. परंतु बाजाराने त्याला कलदार म्हटले. कळ म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला, गोल, कडेला एकसारख्या रेघा असलेला रुपया तो कलदार. त्याची कड कापून चांदी चोरता येत नसे, म्हणून सराफाला तो अधिक विश्वासाचा.

दोहोंतील फरक तराजूत दिसे. कलदार रुपयाचे वजन बरोबर एक तोळा, म्हणजे १८० ग्रेन. आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम. चारमिनारचा हाली रुपया भरे ११.१८ ग्रॅम आणि त्यातील चांदीचे प्रमाण शेकडा ८१.८, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे ९.१४ ग्रॅम. आता त्रैराशिक मांडावे. शंभर कलदारांत जितकी चांदी, तितकी मिळवायला हाली किती लागतील? उत्तर येते ११७ च्या किंचित आत. सरकारने मान्य केलेला दर होता सात हाली बरोबर सहा कलदार, म्हणजे शंभर कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. चांदीचा हिशेब आणि सरकारी दर यांत जेमतेम पाव टक्क्याचे अंतर. सात आणि सहा हे आकडे कोण्या अधिकाऱ्याच्या लहरीतून आलेले नव्हते. त्यांच्यामागे धातूचे वजन उभे होते.

जुन्या दुकानदारांना याचा आणखी एक उपयोग ठाऊक होता. कलदार रुपया नेमका तोळ्याचा असल्यामुळे सोने-चांदी तोलताना तो वजन म्हणून तराजूत टाकता येई. त्याच जागी हाली रुपया टाकला तर तोळ्यामागे चार टक्के माल कमी भरे. ज्या गावात दोन्ही रुपये गल्ल्यात पडत, तेथे पारड्यात कोणता रुपया आहे हे पाहण्याची सवय गिऱ्हाइकाला लावून घ्यावीच लागे.

चांदीचा आधार सुटल्यावर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगात चांदी स्वस्त होत चालली. इंग्रज सरकारने १८९३ साली आपल्या टाकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. त्याआधी कोणीही चांदीची लगड घेऊन टाकसाळीत जावे आणि खर्च वजा जाता रुपये पाडून आणावेत, अशी सोय होती. ती बंद होताच कलदार रुपयाची किंमत त्यातील चांदीपेक्षा अधिक राहू लागली आणि काही वर्षांत ती एक शिलिंग चार पेन्सला स्थिरावली. कलदार आता सरकारच्या शब्दावर उभा होता. हालीला मात्र आपली जागा राखायची तर चांदीच्या भावावर विसंबून चालणार नव्हते. चांदी उतरली की हाली उतरेल, मग सातास सहा हा दर टिकणार कसा? उपाय एकच होता. नाणी गरजेपुरतीच पाडायची, आणि दर ढळू लागला तर सावरण्यासाठी कलदार रकमेचा साठा जवळ ठेवायचा. हैदराबाद सरकारने पुढे विनिमय दर स्थिर ठेवण्यासाठी असा स्वतंत्र राखीव निधीच उभारला. आज देशोदेशीच्या मध्यवर्ती बँका परकीय चलनाच्या गंगाजळीतून जे काम करतात, त्याचेच हे छोटे रूप.

पहिल्या महायुद्धात उलटे संकट आले. चांदी इतकी दुर्मीळ व महाग झाली की नाणी पाडणे कठीण झाले. हिंदुस्थानची गरज भागवण्यासाठी अमेरिकेने १९१८ साली कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले. त्याच टंचाईत इंग्रजांनी हैदराबाद संस्थानाला आपल्या कागदी नोटा काढण्याची मोकळीक दिली, जी अन्य संस्थानिकांना सहसा मिळाली नाही. १९१८ साली दहा आणि शंभर रुपयांच्या उस्मानिया नोटा निघाल्या; पाठोपाठ एक व पाच रुपयांच्या, आणि १९२६ मध्ये हजाराची. नाशिकचा नोट छापखाना सुरू झाल्यानंतर निजामाच्या नोटाही तेथे छापल्या जाऊ लागल्या. या चलनाची व्यवस्था पाहण्यासाठी १९४२ मध्ये हैदराबाद स्टेट बँक सुरू झाली. तीच पुढे १९५६ मध्ये स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि मराठवाड्याच्या गावोगावी पोहोचली. १ एप्रिल २०१७ रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली.

दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, इंग्रजांनी आपल्या रुपयातील चांदी निम्म्यावर आणली. युद्धानंतर तर चांदी नावालाही नसलेला निकेलचा रुपया आला. म्हणजे ज्या वजनातून सातास सहा हा दर जन्मला, ते वजनच एका बाजूने नाहीसे झाले. तरीही दर टिकला. लोकांच्या सवयीत, सरकारी दप्तरात आणि राखीव निधीत तो इतका मुरला होता की धातूची त्याला गरज उरली नव्हती. चलनाच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडते. विश्वास आधी धातूवर बसतो, मग सवयीवर. आणि सवयीमागे साठा शिल्लक असेतोवर ती सवय मोडत नाही.

पैचे चार सप्तमांश

सरकारी दर स्थिर होता म्हणून बाजारात भांडण नव्हते, असे मात्र नाही. भांडणाचे कारण अपूर्णांकात दडले होते. एक रुपया म्हणजे सोळा आणे आणि एक आणा म्हणजे बारा पै, असा रुपयाचा हिशेब १९२ पैंचा. एक कलदार दिला तर हाली किती? एक रुपया, दोन आणे, आठ पै. पैपर्यंत पूर्ण आणि नेमका. आता उलट करावे. एक हाली दिला तर कलदार किती? तेरा आणे, आठ पै, आणि वर पैचे चार सप्तमांश. पैच्या खाली नाणे नाही. मग ते चार सप्तमांश कोणाचे?

ज्याच्या हाती हाली आणि गरज कलदाराची, त्याचे ते जात. एकदा पाहिले तर ती रक्कम हसण्यावारी न्यावी इतकी लहान. परंतु सात वेगवेगळ्या दिवशी एकेक हाली रुपया मोडणाऱ्या माणसाच्या हाती सहा रुपयांना चार पै कमी येत. तेच सात हाली एकदम मोडणाऱ्याला पुरे सहा कलदार मिळत. सात हजार मोडणाऱ्याला तर चोख सहा हजार. म्हणजे दर सर्वांना एकच, पण तो पुरता हाती पडे फक्त मोठ्या रकमेच्या धन्याला. नदीपलीकडे मजुरीला जाऊन येणारा, वाशीमच्या बाजारात एखादे भांडे घ्यायला गेलेला, लेकीच्या सासरी वऱ्हाडात दोन रुपये आहेर नेणारा, यांच्या वाट्याला नेहमी तुटका पै येई. त्यावर सराफाचा बट्टा वेगळाच. लहान माणसाला विनिमय महाग पडतो, हा नियम आजही बदललेला नाही. परदेशी असलेला मुलगा घरी थोडे पैसे पाठवतो तेव्हा त्यातून जे शेकडा प्रमाण कापले जाते, ते मोठ्या कंपनीच्या रकमेतून कधीच कापले जात नाही.

दुसरे कारण हंगामाचे. हिंगोली ही कापसाची मोठी पेठ. १९१२ साली पूर्णेहून हिंगोलीपर्यंत मीटरगेज रेल्वे आली आणि मालाला दक्षिणेची व मनमाडकडची वाट मोकळी झाली. अकोल्याकडची रेल्वेजोड मात्र स्वातंत्र्यानंतरची. तोवर वऱ्हाडची वाट बैलगाडीची, कनेरगावच्या बाजूने पैनगंगा ओलांडून जाणारी. गावाच्या नावापुढचा नाका हा शब्द अजूनही तसाच आहे. सीमेवर करोडगिरी, म्हणजे निजामाची जकात, द्यावी लागे. दिवाळीनंतर कापूस येऊ लागला की मुंबईच्या आणि वऱ्हाडच्या खरेदीदारांचे कलदार पेठेत येत. शेतकऱ्याला मात्र हाली हवा, कारण सारा हालीत भरायचा. अशा वेळी हालीची मागणी वाढे आणि कलदार थोडा नरम पडे. पावसाळ्यात बाहेरून कापड, किराणा आणण्यासाठी कलदार लागे तेव्हा पारडे दुसऱ्या बाजूला झुके. सरकारी दर खांबासारखा मध्ये उभा आणि बाजारभाव त्याच्या अवतीभवती हेलकावे घेणारा, असे ते चित्र होते. हेलकावा आण्यांत मोजण्याइतका असला, तरी हजारो रुपयांची उलाढाल करणाऱ्या पेढीचे वर्षाचे नफा-नुकसान त्यावर फिरू शके.

म्हणूनच जो मुनीम दोन्ही मुलखांचा व्यवहार पाही, त्याला रोजमेळात रकमेपुढे रुपयाची जात लिहावीच लागे. ‘रुपये पाचशे’ एवढ्याने काही कळत नसे. कोणते पाचशे? हाली असतील तर कलदारात ते भरत चारशे अठ्ठावीस रुपये नऊ आणे आणि काही पै. शब्द एक, आकडा एक आणि फरक एकाहत्तर रुपयांचा. खताच्या कागदावर हे एक अक्षर राहून गेले तर दोन घरांचा पिढीजात स्नेह तुटायला ते पुरेसे होते.

सीमा बंद झाली तेव्हा

१५ ऑगस्ट १९४७ नंतर हा हिशेबाचा प्रश्न राहिला नाही. तो जीविताचा प्रश्न झाला. हैदराबादने २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकारशी जैसे थे करार केला आणि लगोलग दोन वटहुकूम काढले. एकाने मौल्यवान धातू संस्थानाबाहेर नेण्यास बंदी घातली. दुसऱ्याने भारतीय रुपयाची संस्थानातील चलन म्हणून असलेली मान्यता काढून घेतली. पाकिस्तानला वीस कोटी रुपयांचे कर्जही भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपाने देऊ केले गेले. या गोष्टी कराराच्या विरुद्ध आहेत, असे भारत सरकारने हैदराबादला बजावले. दिल्लीत ही राजकारणाची चर्चा होती. पैनगंगेच्या काठी तिचा अर्थ फार सरळ होता. काल ज्या कलदारावर व्यवहार चालत होता, तो आज गल्ल्यात सापडला तर जाब द्यावा लागणार.

त्या वर्षात रझाकारांच्या भीतीने कितीतरी कुटुंबे घरे सोडून वऱ्हाडच्या हद्दीत गेली. सीमेवर स्वातंत्र्यसैनिकांची शिबिरे उभी राहिली. घर सोडताना माणूस काय बरोबर घेतो? जमीन नेता येत नाही, धान्य नेता येत नाही, उधारीची वही नेली तरी वसुली मागे राहते. उरतात नाणी, नोटा आणि अंगावरचे सोने. सोने-चांदी नेण्यास बंदी. हालीची नोट लपवून नेता येई, पण नदी ओलांडताच ती परमुलखाचा कागद होई. सातास सहा हा दर सरकारांच्या आपसातील शब्दावर टिकलेला होता, आणि सरकारेच एकमेकांसमोर उभी ठाकली तेव्हा पळून आलेल्या माणसाच्या नोटेला समोरचा सराफ देईल तोच भाव. घेणाऱ्याला घाई नाही आणि देणाऱ्याच्या लेकरांना त्या रात्री जेवायचे आहे, अशा सौद्यात बट्टा किती लागत असेल, हे सांगायला कोणत्याही दप्तराची गरज नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. हिंगोलीची माणसे परत आली, दुकाने उघडली. दोन रुपये मात्र अजून दोनच होते.

एकाच रुपयाकडे

२६ जानेवारी १९५० पासून भारतीय रुपया हैदराबाद राज्यातही कायदेशीर चलन झाला. हाली एका रात्रीत रद्द झाली नाही. काही काळ दोन्ही रुपये शेजारी शेजारी चालले, नवी हाली काढणे थांबले आणि तो दशक संपेपर्यंत ती पूर्णपणे चलनातून गेली. बदलीचा दर तोच, सातास सहा. कागदावर याहून न्याय्य काही असू शकत नाही. व्यवहारात मात्र या न्यायाची परीक्षा घरोघरी झाली.

पेढीवर सातशे हाली ठेव असलेल्या विधवेला सहाशे भारतीय रुपये मिळणार, तेव्हा तिचे शंभर कोठे गेले, असे तिला वाटणे साहजिक होते. तिचे काहीच गेले नव्हते. पण तिला ते समजावून सांगणारा माणूस विश्वासाचा असावा लागे. कुळाने सातशे हाली कर्ज घेतले असेल आणि खतावर फक्त ‘रुपये सातशे’ असेल, तर सावकाराने सहाशे मागणे हा धर्म. सातशेच मागितले तर कायद्याच्या अक्षराआड लपून शंभर रुपये काढल्यासारखे. मजुरी चौदा आणे हाली होती, ती बारा आणे भारतीय झाली, हे बरोबर. मग सात आण्यांचे मीठमिरचीचे सामानही सहा आण्यांना मिळायला हवे. दुकानदाराने ‘सात आणे’ हा जुनाच आकडा तोंडात ठेवला, तर मजुराची मजुरी आकड्याने उतरली आणि महागाई न बोलता शेकडा सोळाहून अधिक वाढली. चलन बदलते तेव्हा सरकार दर ठरवून मोकळे होते. त्या दराचा खरा अंमल मात्र खेड्यातला दुकानदार करतो. त्याच्या फळीवरच्या भावात राज्याचा न्याय उतरतो किंवा अडतो. ज्या पेढ्यांनी त्या दिवसांत आकडा खाली आणला, त्यांची गिऱ्हाइके पुढे टिकली. व्यापारी घराण्यांच्या नावाला बट्टा लागतो किंवा लागत नाही, तो अशाच दिवसांत.

याच सुमारास दुसरीकडे काय घडत होते, हे पाहण्यासारखे आहे. फाळणीनंतर भारताचा आणि पाकिस्तानचा रुपया बरोबरीचा होता. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाबरोबर भारताने आपल्या रुपयाचे अवमूल्यन केले. पाकिस्तानने केले नाही. एका दिवसात शंभर पाकिस्तानी रुपयांना १४४ भारतीय रुपये असा हिशेब झाला. भारताने हा दर मान्य करायला फेब्रुवारी १९५१ उजाडला. मधल्या काळात ताग पूर्व बंगालच्या शेतात आणि गिरण्या कलकत्त्याला, अशी दोघांचीही कोंडी झाली. १९५५ मध्ये पाकिस्ताननेही अवमूल्यन केले तेव्हा बरोबरी परत आली. तोडलेला व्यापार मात्र तसा परत आला नाही. दर कोणता हे जितके महत्त्वाचे, तितकेच तो दोघांना मान्य असणे महत्त्वाचे. शंभर भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून हललेला नाही, आणि सीमेवरच्या बाजारात आजही दोन्ही रुपये हातोहात चालतात. हाली-कलदाराचे ते जिवंत भावंड म्हणावे लागेल.

हळदीचा भाव आणि टाका

हिंगोलीचा आजचा व्यापारी म्हणेल, हाली गेली, आता हा इतिहास कशाला? त्याने आपल्या हळदीकडे पाहावे. वसमत आणि हिंगोली या हळदीच्या मोठ्या पेठा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. भारतीय हळदीच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक बांगलादेश. तेथील चलन टाका. रुपया आणि टाका यांचा थेट भाव क्वचितच ठरतो. दोन्ही डॉलरच्या आरशात पाहून एकमेकांना ओळखतात, जसे हाली आणि कलदार चांदीच्या आरशात पाहत.

२०२२ च्या आरंभी डॉलरला साधारण साडेचौऱ्याहत्तर रुपये आणि साधारण ८६ टाका पडत. म्हणजे शंभर रुपयांना ११५ टाका. योगायोग असा की हा आकडा जुन्या ११६ रुपये १० आणे ८ पैच्या अगदी जवळचा. २०२४ च्या मध्यावर डॉलर साडेत्र्याऐंशी रुपयांच्या आसपास होता, पण टाका घसरून ११७ वर गेला होता. शंभर रुपयांना आता सुमारे १४० टाका. हिशेबापुरता हळदीचा भाव क्विंटलला ८,००० रुपये धरला, तर ढाक्याच्या खरेदीदाराला पहिल्या वेळी ९,२०० टाका पडत आणि दुसऱ्या वेळी ११,२००. वसमतच्या शेतकऱ्याने भाव वाढवला नाही, अडत्याने वाढवला नाही, हळदही तीच. तरी घेणाऱ्याला ती जवळजवळ बावीस टक्के महाग झाली. तो मग कमी घेतो, भाव पाडून मागतो किंवा पैसे उशिरा देतो. हिंगोलीच्या आवारात ढेरीवर बोली मंदावते तेव्हा तिच्यामागे ढाक्याच्या बँकेतली डॉलरटंचाई असू शकते.

या डॉलरच्या आरशाची गरज कमी व्हावी, म्हणून रिझर्व्ह बँकेने जुलै २०२२ मध्ये परदेशी व्यापाराची देवघेव रुपयात करण्याची वाट खुली केली आणि जुलै २०२३ मध्ये बांगलादेशाबरोबर रुपयातील व्यापाराला आरंभ झाला. वाट चांगली आहे. परंतु हालीचा अनुभव सांगतो की दोन चलनांना थेट जोडायचे तर दोन्ही बाजूंना साठा हवा आणि देवघेवही दोन्ही बाजूंची हवी. एकाच बाजूने माल वाहत राहिला तर दुसऱ्याच्या हाती रुपये येणार कोठून?

व्यापारी कुटुंबातील नव्या पिढीने यातून तीन साध्या गोष्टी उचलाव्यात. सौद्याच्या कागदावर रकमेपुढे चलनाचे नाव स्पष्ट लिहावे. आजोबांच्या रोजमेळात ते होते. पैसे मिळण्याच्या दिवसाचा दर धरायचा की सौद्याच्या दिवसाचा, हे आधी ठरवावे, कारण मधल्या दोन महिन्यांत नफ्याहून मोठा फरक पडू शकतो. आणि रक्कम मोठी असेल तर पुढच्या तारखेचा दर बँकेकडून आजच बांधून घ्यावा. चौथी गोष्ट हिशेबाच्या वहीत बसणारी नाही. दर बदलतो तेव्हा ज्याला त्रैराशिक येत नाही, तो समोरच्याच्या शब्दावर विसंबलेला असतो. त्याच्या वाट्याचे पैचे चार सप्तमांश त्याला मिळाले की नाही, हे सरकार तपासायला येत नाही. तो हिशेब पेढीवर बसलेल्या माणसानेच चोख ठेवायचा असतो.